काचेवरचं कुंकू

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

बोलून बसलो! परवा दुकानात, सगळ्यांसमोर, कोणी विचारलेलं नसताना — "मी काढून देतो." आणि एन्लार्जर पलंगाखाली, तुकड्यांत.

एकेचाळीस स्क्रू निघाले. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो घेतला. मग प्रत्येकाची वेगळी पुडी, पुडीवर नंबर. भावनाताई म्हणाली, "मशीन खोलतोयस की पोस्टमॉर्टेम करतोयस?" कुठला कुठे बसतो हे विसरलं तर काय, हा विचार माझ्या पोटात असतो, तिच्या नसतो.

एन्लार्जर पोपटकाकांचा. ते टेंभी नाक्याजवळच्या एका स्टुडिओत पन्नास वर्षं डार्करूम सांभाळायचे. आता कल्याणला मुलाकडे असतात. काकू गेल्या तेव्हा त्यांचा फोटो घेऊन आमच्या फ्रेमच्या दुकानात आलेले. दोन तास बसले, मी जुन्या निगेटिव्हबद्दल विचारत राहिलो. पुढच्या महिन्यात म्हणाले, "भंगारात टाकवत नाही रे. तू घेऊन जा."

वर बल्बची पेटी, खाली दोन जाड भिंगं, मग निगेटिव्ह सरकवायची फट, मग काळा भाता, शेवटी लेन्स. वरून उजेड सोडायचा, खाली कागदावर चित्र मोठं होऊन पडतं. एवढंच. पण भात्याला भोकं, लेन्सला बुरशी, वायर उंदरांनी खाल्लेली.

आणि सरोजआजींना शब्द दिला. त्या नौपाड्यातच राहतात. शाळेत शिक्षिका होत्या, आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या. आईचा फोटो घेऊन आलेल्या. भिंतीला ओल आली आणि फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला. आजी हळूच सोडवायला गेल्या. चेहरा काचेवर राहिला, साडी कागदावर! आईचा एवढाच फोटो. आई गेली तेव्हा आजी दीड वर्षाच्या.

मूळ निगेटिव्ह आहे त्यांच्याकडे, काचेची. ती एका डिजिटल दुकानात नेलेली. तिथल्या माणसाने काचेचा मोबाइलने फोटो घेतला आणि कुठल्याशा ॲपमध्ये घातला. "माझ्या आईला दात दाखवून हसवलं रे त्याने! लिपस्टिक लावली! त्रेपन्न सालच्या बाईला!" आजींनी तो कागद तिथेच फाडला. हे ऐकून आमच्या दुकानात सगळे हसले. मी नाही हसलो. तेव्हाच तोंडातून गेलं.

१५ सप्टेंबरला अविधवा नवमी. आई सवाष्ण गेली, म्हणून दर वर्षी त्या दिवशी आजी तिचा फोटो चौरंगावर ठेवतात आणि एका सवाष्णीला जेवू घालतात. लग्न झाल्यापासून एकदाही चुकलेलं नाही. या वर्षी चौरंगावर काय ठेवणार?

सहा आठवडे. आणि मला सुट्टी फक्त सोमवारी.

बुधवार, ६ ऑगस्ट

भाता. खोलीत अंधार करून आत टॉर्च लावली, तर आकाशात तारे! घड्यांच्या कोपऱ्यांवर सगळी भोकं. ताईच्या मोडक्या छत्रीचं कापड बारीक पट्ट्यांत कापलं आणि पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलं. घडी मिटल्यावर कडक होईल का? होऊ नये. उद्या बघायचं. आज उघडून बघायचं नाही.

(रात्री जेवणाआधी उघडून बघितलं. ठीक आहे.)

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी. ताईने बांधली आणि म्हणाली, "माझं रक्षण राहू दे, बाथरूम मोकळी ठेव."

दुपारी सरोजआजी काच घेऊन दुकानात आल्या. खणाच्या कापडात गुंडाळलेली, त्यात पिवळं पाकीट, त्यात काच. तळहाताएवढी. देव्हाऱ्यात देवांच्या पाठीमागे ठेवतात. एका बाजूला लालच लाल! "दर नवमीला फोटोला कुंकू लावते, तेव्हा हिलाही एक बोट लावते," आजी म्हणाल्या. "फोटो काय, कागद. खरी आई या काचेत आहे."

मी दोन्ही हातांनी घेतली. घाम सुटलेला. त्यांना दिसला असणार. "अरे महेंद्र, तू बोलतोस कमी आणि घामतोस जास्त. पाडशील."

फोटो कुठे काढलेला, विचारलं. इथेच ठाण्यात, त्यांच्या आजोळी. आई आजारी होती म्हणून माहेरी आणलेली. मध्ये एकदा जरा बरं वाटलं तेव्हा फोटोवाल्याला घरी बोलावलं, असं म्हणाल्या.

"आणि वडील?"

विचारायला नको होतं. दुकानात शेठ होते. पण आजींनी सांगितलं, वर्गात धडा सांगावा तसं. वडिलांना त्या अण्णा म्हणतात. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. आई गेली तेव्हा ते ड्युटीवर. तार केली, तरी तिसऱ्या दिवशी आले म्हणे. वर्षाच्या आत दुसरं लग्न. आजी आजोळीच वाढल्या. दर दिवाळीला अण्णा मिठाईचा पुडा घेऊन दाराशी उभे राहायचे. "मी पुडा घ्यायचे आणि आत जायचे. बोलायचे नाही. ते गेले तेव्हा निरोप आलेला. तेव्हाही गेले नाही."

मग लगेच, "नवमीला मिळेल ना नक्की?"

"नक्की." दुसऱ्यांदा बोलून बसलो.

सोमवार, ११ ऑगस्ट

ताई कामाला गेली की बाथरूम माझी. झरोक्याला काळा पुठ्ठा, दाराच्या फटीला ओला टॉवेल. बादलीवर फळी, फळीवर तीन ट्रे. एन्लार्जर वॉशिंग मशीनवर. दुसरी जागाच नाही.

लाल दिवा विकत मिळाला नाही. देवघरातला झिरोचा लाल बल्ब काढून आणला. पण त्याने कागद काळा पडला तर? पोपटकाकांनी फोनवर युक्ती सांगितली: फोटोच्या कागदावर एक नाणं ठेव, पाच मिनिटं लाल दिव्याखाली राहू दे, मग डेव्हलपरमध्ये टाक. नाण्याचा गोल उमटला तर दिवा खोटा. उमटला नाही! तीनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा कशाला केलं, कागद काय झाडाला लागतात? पण चैन पडेना.

एकेचाळीसही स्क्रू बसले. एकही उरला नाही, एकही कमी नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

दहीहंडी. चौकातल्या डीजेने बाथरूमच्या बादलीतलं पाणी हलतंय. एन्लार्जर हलला तर कॉपी हलणार. आज नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट

आली!!

घरातल्या जुन्या निगेटिव्हवर केली. चिपळूणचं अंगण, ताई पाच वर्षांची, पुढचा दात पडलेला. कोरा कागद ट्रेमध्ये बुडवला, वीस सेकंद काहीच नाही. मला वाटलं, गेलं. आणि मग खालून वर यावं तसा आधी फ्रॉक, मग केस, मग ते बोळकं! मी बाथरूममध्ये एकटा मोठ्याने "आली!" म्हणालो. शेजारच्यांना काय वाटलं असेल.

संध्याकाळी ताईला दाखवली. बराच वेळ धरून बसली. मग म्हणाली, "ही ठेवते मी." आणि मग, "साबणाला तुझ्या औषधाचा वास येतोय, येड्या."

उजेड मध्यभागी जास्त पडतोय, कडा काळवंडतात. दुधी काचेचा बल्ब लावला. आता बरं आहे. सरोजआजींच्या काचेला अजून हात लावलेला नाही. आधी सगळं माझ्या निगेटिव्हवर चुकू दे.

सोमवार, २५ ऑगस्ट

आज काच साफ केली.

जुन्या काचा कशा साफ करतात ते आठ दिवस वाचत होतो. चष्म्याच्या दुकानातून भिंग आणलेलं. नीट बघितलं: लाल थर फार जाड, डोक्याच्या मागे सगळीकडे, खांद्यांपर्यंत. इतक्या वर्षांचं कुंकू, बोटाबोटाने साचलेलं. ते तसंच ठेवून कॉपी काढली तर तेवढा भाग कोरा पांढरा येईल. आणि चेहऱ्यावर चिकट पिवळट थर, त्यात बारीक काळे कण. बोटांचे तेलकट डाग असणार.

आधी नमस्कार केला. मग फिल्टरचं पाणी आणि कापूस, एका कोपऱ्यापासून. लाल सुटत गेलं, थेंबाथेंबाने, बशीत गुलाबी पाणी. ते पाणी मोरीत ओतवेना, कुंकूच ते! तुळशीत घातलं. चिकट थर पाण्याने जाईना. टर्पेंटाइनचा बोळा अगदी हलका फिरवला, तर एका फटक्यात निघाला. इमल्शनला, म्हणजे चित्राच्या थराला, धक्का नाही. भिंगातून तपासलं, दोनदा.

इतकी स्वच्छ काच! आज मला माझंच कौतुक वाटतंय. असं फार कमी वेळा होतं, म्हणून लिहून ठेवतो.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती. शेजारच्यांकडे आरतीला गेलेलो. प्रसादाची वाटी धरतानाही हातांना हायपोचा, त्या शेवटच्या ट्रेमधल्या औषधाचा वास.

सोमवार, १ सप्टेंबर

काय केलं मी हे.

नीट लिहितो. साडेअकराला काच एन्लार्जरमध्ये सरकवली. फोकस केला. टेस्ट पट्टी काढली, चौदा सेकंद बरोबर आले. मग पूर्ण कागद. ट्रेमध्ये बुडवला. आधी केस आले. मग कपाळ, मोठं कुंकू, नथ. मग गाल.

डोळे मिटलेले.

मला वाटलं, अजून यायचेत. ट्रे हलवत राहिलो. दोन मिनिटं, तीन मिनिटं. डोळे मिटलेलेच. आणि जिथे लाल होतं तिथे, मानेच्या दोन्ही बाजूंना, चादरीच्या घडीतून बाहेर आलेले दोन हात. तिचं डोकं धरून आहेत. मागचं माणूस दिसत नाही. चादर आणि हात, बस.

लाल दिव्यात मी तसाच उभा. मग टॉवेल बाजूला करून दार उघडलं. कागद फिक्स, म्हणजे पक्का, झालेला नव्हता, उघडताच राखाडी पडत गेला. दुसरा काढला. तोच. मिटलेले.

आजी म्हणाल्या होत्या, फोटोतली आई माझ्याकडे बघते. खोलीत कुठेही बसलं तरी बघते.

मंगळवार, २ सप्टेंबर

जेवण जात नाही. डिजिटलवाल्याकडे जाऊन आलो. त्याने धुण्याआधीच्या काचेचा फोटो घेतलेला, तो मिळाला तरी पुरे. "दादा, गिऱ्हाइकाने फाडून टाकलं, मी कशाला ठेवू? त्याच दिवशी डिलीट."

एकेचाळीस स्क्रूंचे एकेचाळीस फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. काचेचा धुण्याआधीचा एकही नाही!

बुधवार, ३ सप्टेंबर

अर्धी सुट्टी घेऊन कल्याणला गेलेलो. पोपटकाका गॅलरीत खुर्चीवर. कॉपी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांना मोतीबिंदू आहे, कागद नाकाजवळ नेला आणि लगेच म्हणाले, "धुतलीस?"

"कुंकू होतं काका. पूजेत ठेवतात ते. त्याच लावतात."

"त्यांचं असेल एक बोट. बाकीचा आमचा लाल ओपेक! रंग असतो तो, पाण्यात कालवायचा. काचेवर जिथे लावला तिथून उजेड जात नाही. कागदावर पांढरं. नको ते झाकायला."

"आणि डोळे?"

काकांनी आत बघून आवाज बारीक केला. सून होती आत.

त्या काळी पुष्कळ बायका जन्मात एकदाही फोटो न काढता जायच्या. गेल्यावर घरच्यांच्या लक्षात यायचं की आठवणीला काहीच नाही. मग अंघोळ घालून, मळवट भरून, उचलण्याआधी फोटोवाल्याला बोलवायचे. भिंतीला टेकवून बसवायचे. मान पडते, म्हणून मागे घरातलं कोणीतरी बसायचं, चादरीआड, आणि डोकं धरायचं. मग स्टुडिओत काचेवर चिकट औषध लावून बारीक पेन्सिलीने पापणीवर रेघा घासायच्या, म्हणजे कागदावर डोळ्याचं पांढरं उमटतं. बुब्बुळ शेवटी कॉपीवर ब्रशने. आणि हात लालमध्ये झाकायचे.

"आमच्या उस्तादांनी असे किती डोळे उघडले असतील! घरच्यांना सांगायचं नाही, असा नियम. घरच्यांना ठाऊकच असायचं. पोरांना नसायचं."

म्हणजे मी तिचे डोळे मिटले. बहात्तर वर्षांनी, कापसाच्या बोळ्याने.

"तुम्ही परत उघडून द्या काका."

त्यांनी उजवा हात पुढे केला. हवेत धरला. बघ, म्हणाले. पिंपळाचं पान जसं. "तू काढ. पण काचेला आता शिवू नकोस. मिटल्या डोळ्यांची कॉपी काढ, त्यावर पांढरा रंग, काळी शाई. हात कापून टाक फ्रेममध्ये." दोन ब्रश दिले, तीन केसांचे.

निघताना मागून म्हणाले, "पण कोणाचे डोळे काढशील? तू ते बघितलेच नाहीस ना?"

शनिवार, ६ सप्टेंबर

आजींचा फोन. "झालं का रे?" कागद यायचाय, म्हणालो. खोटं. कागद समोर पडलेला. म्हणाल्या, सवाष्ण सांगून झाली, खालच्या मजल्यावरची योगिनी, नवीन लग्न झालेली. "तिला म्हटलं, माझी आई तुझ्याच वयाची होती. बघशील आता."

बावीस वर्षांची होती. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान.

सोमवार, ८ सप्टेंबर

सकाळपासून डोळे काढतोय. अकरा कॉप्या. पहिल्या चार भयंकर. भुतासारख्या, सगळ्या बाजूंनी पांढरं दिसणाऱ्या. पाचवीत ती घाबरलेली वाटते. आठवीत तिरळी. नववी बरी होती, पण ती माझी आई होती! नकळत आईचे डोळे काढलेले. भिंतीकडे तोंड करून ठेवली.

अकरावी चालेल. ओळखू येणार नाही असं वाटतं. चेहरा एवढा मोठा घेतला की फ्रेममध्ये हात येत नाहीत, नुसतं कपाळापासून हनुवटीपर्यंत.

तरी एक कॉपी पूर्ण काचेचीही काढली. मिटलेले डोळे, हात, चादर, सगळी. का काढली माहीत नाही. काचेवर जे आहे ते एकदा तरी नीट उतरावं म्हणून. उजव्या अंगठ्यावर एक पांढरी रेघ येते आहे, ओरखडा असणार. तो भरायचा राहिला.

गुरुवार, ११ सप्टेंबर

ताईने भिंतीकडे तोंड केलेली कॉपी बघितली. मग सगळंच सांगावं लागलं.

"मग सांगून टाक ना त्यांना."

"काय सांगू? तुमच्या आईला मी परत मारली म्हणून?"

"तू नाही मारलीस. ती मेलेलीच होती."

"त्यांना ते माहीत नाही!"

ताई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "महेंद्र, सांगितलंस तर एकदाच मरशील. नाही सांगितलंस तर त्यांच्या घरावरून जाताना दर वेळी मरशील. आणि दुकान त्यांच्याच गल्लीत आहे."

बरोबर आहे तिचं. म्हणून तर झोप नाही. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला, नवमीच्या तोंडावर, हे सांगायचं कोणी? अकरावी कॉपीच द्यायची. ठरलं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

ठरलेलं नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

दुकान बंद करून सातला गेलो. दोन पाकिटं घेतलेली. वरचं अकरावीचं. खालचं का घेतलं, तेव्हा सांगता आलं नसतं.

आजींनी चष्मा पुसला, पाकीट उघडलं, कॉपी ट्यूबलाइटखाली धरली. मी पायांच्या अंगठ्यांकडे बघत होतो. भिंतीवर जुन्या फ्रेमचा चौकोन तेवढा उजळ.

"छान कागद आहे," म्हणाल्या. मग, "हे डोळे कोणाचे?"

"तुमच्या आईचे."

"छत्तीस वर्षं शाळेत काढली मी. मुलगा खोटं बोलतोय हे मला फळ्याकडे तोंड असताना कळायचं. बोल."

बोललो. एका दमात. कुंकू समजून धुतलं इथपासून पोपटकाका, पेन्सिल, अकरा कॉप्या, सगळं. मध्येच रडूही आलं, लिहायला लाज वाटते. आजी ऐकत होत्या. संपल्यावर पहिला प्रश्न, "कुंकू समजून?"

"हो."

आणि त्या हसल्या! "म्हणजे मीही इतकी वर्षं स्टुडिओवाल्याच्या रंगाला बोट लावत होते."

मला काही कळेना. मग म्हणाल्या, "डोळ्यांचं मला ठाऊक आहे रे. लग्नाच्या आदल्या दिवशी मावशीने सांगितलं. म्हणाली, आता तू सवाष्ण होणार, आता तुला सांगायला हरकत नाही. तेव्हाच ही काच दिली. पण घरात तो फोटो जिवंतपणीचाच म्हणायचा, असं ठरलेलं. मीही म्हणते. तुला काय वेगळं सांगणार, दुकानात उभं राहून?"

दोन आठवडे! दोन आठवडे मी काय काय —

"दुसऱ्या पाकिटात काय?"

दिलं. मिटलेल्या डोळ्यांकडे त्यांनी एकदा बघितलं, बोट फिरवलं कपाळावरून. मग बोट खाली आलं आणि थांबलं.

"हे हात?"

"मागे कोणीतरी धरून बसतं. पोपटकाका म्हणाले, घरातलंच माणूस. तुमची आजी असेल, नाहीतर मावशी."

"बायकांचे हात आहेत का हे?"

मी नीट बघितलेच नव्हते. दोन आठवडे मी डोळेच बघत होतो. जाड मनगटं, फुगलेल्या शिरा.

आजी उठून पेपर वाचायचं भिंग घेऊन आल्या. वाकून बघत राहिल्या. मला वाटलं, त्यांना डाग दिसला. म्हणालो, "अंगठ्यावर तो ओरखडा आहे, काचेवरचा. मी ब्रशने भरून देतो."

"ओरखडा नाही. नख आहे. मधून दुभंगलेलं. वर्कशॉपमध्ये हातोडा बसलेला."

आजींनी भिंग त्या अंगठ्यावरच धरून ठेवलं.

"दाराशी उभे राहायचे तेव्हा मी कधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. पुड्याकडे बघायचे. पुडा या अंगठ्याने धरलेला असायचा."

मग भिंग खाली ठेवून, "मावशीने डोळ्यांचं सांगितलं. हातांचं नाही सांगितलं."

आणि भिंतीच्या त्या उजळ चौकोनाला, "तिसऱ्या दिवशी आले म्हणे. कोण म्हणे?"

मी उठू की बसू ते कळेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "चहा राहिला तुझा. आज नको हं. ये आता."

दोन्ही कॉप्या त्यांच्याकडेच आहेत. मी बरं केलं की वाईट, कळत नाही. ती रेघ मी भरणार होतो. वेळ मिळाला नाही म्हणून राहिली. वेळ मिळाला असता तर!

सोमवार, १५ सप्टेंबर

अडीच वाजता आजींचा फोन. योगिनी जेवून गेली. चौरंगावर मिटल्या डोळ्यांचा ठेवला. आता आणखी एक कॉपी हवी आहे, फक्त हातांची. निघेल तेवढी मोठी. रविवारच्या आत, सर्वपित्रीला ठेवायची आहे. अण्णांचा दुसरा फोटो त्यांच्याकडे नाही.

मी विचारलं, "अण्णांची तिथी कोणती?"

"ती माहीत असती तर अमावास्येपर्यंत थांबले असते का रे?"